कॅट ट्री घेताना आधी पायरीचा टप्पा मोजा

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात दोन मांजरं आहेत. साखरी नऊ वर्षांची पर्शियन, अगदी पिल्लू असल्यापासून आमच्याकडे आहे. गोट्या दोन वर्षांचा देशी बोका, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला. गोट्या पडद्यावरून कपाटावर, कपाटावरून फ्रिजवर असा दिवसभर हिंडतो. साखरी मात्र गेल्या हिवाळ्यापासून हॉलच्या खिडकीच्या कट्ट्यावर चढेनाशी झाली आहे. पूर्वी ती तिची हक्काची जागा होती. आता खाली उभी राहते, वर बघते, मागचे पाय चाळवते आणि निघून जाते. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. दोन्ही खुब्यांत झीज आहे, वजन कमी करा, असं म्हणाले. वजन साडेपाच किलो आहे. कमरेपाशी तिच्या केसांच्या गाठी होतात आणि हल्ली अधूनमधून ट्रेच्या बाहेर शू करते, वयामुळे असेल.

दोघांना मिळून एक चांगला कॅट ट्री, म्हणजे मांजरांना चढायला-बसायला खांब आणि फळ्यांचा मनोरा, घ्यायचा विचार आहे. मिस्टरांनी ऑनलाइन सहा फुटी टॉवर पसंत केलाय. त्याला झोळी आहे, खोपटं आहे, लोंबणारे चेंडू आहेत. शेजारच्या काकू म्हणतात, साखरीला आता चढूच देऊ नका, आणि दुखत असेल तर क्रोसिनची पाव गोळी द्या. बजेट आठ हजारांपर्यंत आहे. एकच घ्यावा की दोन? किती उंच? की सुताराकडून करून घ्यावा? घर स्वतःचं आहे, भिंतीला भोकं पाडायला हरकत नाही.
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर: क्रोसिनचं आधी बोलते. देऊ नका. पाव गोळी तर नाहीच, चिमूटभर भुकटीसुद्धा नाही. क्रोसिनमध्ये पॅरासिटामॉल असतं आणि ते मांजराला विष आहे. आपलं यकृत ज्या मार्गाने या औषधाचा निचरा करतं, तो मार्ग मांजराच्या यकृतात फारच तोकडा आहे. मग औषध विषारी रूपात साठतं, रक्तातल्या लाल पेशींवर घाला घालतं आणि रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येईनासा होतो. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. काकूंनी मायेनेच सांगितलं असणार, पण त्यांनाही हे जरूर सांगा, कारण त्या आणखी कुणाला तरी हाच सल्ला देतील. घरात कुणी आधीच गोळी दिली असेल तर पुढचं वाचत बसू नका, तडक डॉक्टर गाठा. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनही आपल्या मनाने द्यायचं नाही. आपण गुडघ्याला चोळतो ती मलमं आणि गंधपुऱ्याचं तेलही तिच्या अंगाला लावायचं नाही. मांजर अंग चाटतं, त्यामुळे कातडीला लावलेलं सगळं शेवटी पोटात जातं. मांजरांसाठीची वेदनाशामक औषधं आहेत आणि ती उपयोगी पडतात. पण ती डॉक्टरांनी वजनावरून मोजून द्यायची असतात, आणि त्याआधी मूत्रपिंडांसाठी रक्त तपासायचं असतं. पर्शियन जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो, म्हणून साखरीच्या बाबतीत ही तपासणी टाळू नका.

काकूंचा दुसरा सल्ला, ‘चढूच देऊ नका’, हा बऱ्याच घरांत पाळला जातो आणि तो मला पटत नाही. उंच जागा ही मांजराची चैन नसते. तिथून घर दिसतं, दार दिसतं, कोण येतंय ते कळतं आणि अंगावर धावून येणाऱ्यापासून सुटका होते. तुमच्या घरात धावून येणारा गोट्या आहे. साखरीला कायमचं जमिनीवर ठेवलं तर ती त्याच्या तावडीत राहील. शिवाय दुखणारा सांधा ज्या स्नायूंनी तोलून धरलेला असतो, ते न वापरल्याने झिजतात आणि सांधा आणखी उघडा पडतो. तिला चढू द्यायचं आहे. थांबवायची आहे ती उडी.

चढणं आणि उडी यांतला फरक नीट पाहू या, कारण तुमची खरेदी त्यावरच ठरणार आहे. वर झेप घेताना मांजर मागच्या पायांवर दबकतं आणि खुबे आणि गुडघे एका झटक्यात सरळ करतं. साखरीचं नेमकं तेच दुखतंय. म्हणून ती पाय चाळवते, अंदाज घेते आणि बेत सोडून देते. खाली उतरताना सगळा भार आधी पुढच्या पायांवर, म्हणजे कोपरांवर आणि खांद्यांवर येतो. मांजरांत कोपरांची झीजही बरीच आढळते. तुमच्या पत्रात एक्स-रे फक्त खुब्यांचा दिसतो. पुढच्या भेटीत कोपरंही तपासायला सांगा.

पर्वतीवर रोज सकाळी सत्तरी ओलांडलेली मंडळी चढताना दिसतात, कारण तिथल्या पायऱ्या ऐसपैस आहेत. त्याच मंडळींना घरातल्या माळ्यावर शिडीने चढायला सांगितलं तर ती नको म्हणतील, आणि पर्वतीवरही गुडघे बोलायला लागतात ते उतरताना. साखरीचं गणित तेच आहे. एकूण उंचीने तिचं काही बिघडत नाही. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाताना किती उचलावं लागतं, यावर सगळं ठरतं. त्यालाच मी टप्पा म्हणते. साखरीसाठी हा टप्पा १५ ते २० सेंटिमीटरच्या आत हवा, म्हणजे साधारण एक वीत. एवढ्या टप्प्यावर मांजर उडी मारत नाही, पाय उचलून चालत जातं.

आता मिस्टरांनी निवडलेला टॉवर याच मापाने बघा. विक्रीच्या पानावर बहुतेक वेळा प्रत्येक फळीची जमिनीपासूनची उंची दिलेली असते. एकातून दुसरी वजा करा. अशा टॉवरमध्ये हा फरक पुष्कळदा ३५-४० सेंटिमीटरच्या घरात निघतो, आणि वरची फळी खालचीच्या बरोबर डोक्यावर असते, त्यामुळे मांजराला वाकडं होऊन, खांबाला बिलगून वर जावं लागतं. गोट्याला त्यात मजा येईल. साखरी दुसऱ्या फळीपुढे जाणार नाही. झोळी तर तिच्या कामाची नाहीच. दुखऱ्या खुब्याच्या मांजराला उठताना पायाखाली टणक आधार लागतो आणि झोळी नेमकी तिथेच खचते. लोंबणारे चेंडू दोरीसकट कापून टाका, मग टॉवर कुठलाही घ्या. गोट्याच्या वयाचे बोके दोरी चावून गिळतात, ती आतड्यात अडकते आणि प्रकरण ऑपरेशनवर जातं.

आणि मुख्य म्हणजे हलणं. बारीक खांब, लहानसा पाया आणि सहा फूट उंची असेल, तर गोट्या धावत येऊन वरच्या फळीवर आदळला की सगळा डोलारा हलतो. गोट्याला त्याचं काही वाटत नाही. साखरीच्या पायाखाली तो एकदा जरी डगमगला, तरी ती पुन्हा त्याच्याकडे फिरकणार नाही. दुकानात प्रत्यक्ष बघायला मिळाला तर सगळ्यात वरच्या फळीची कड एका हाताने ढकलून पाहा. कड दोन बोटांहून जास्त सरकली तर घेऊ नका.

म्हणून तुमच्या ‘एक की दोन’ या प्रश्नाला माझं उत्तर दोन असं आहे, पण दोन कॅट ट्री नव्हेत. साखरीसाठी सुताराकडून पायऱ्या करून घ्या, गोट्यासाठी भिंतीवर फळ्या आणि एक खांब. आठ हजारांतला मोठा वाटा साखरीवर खर्च करा. गोट्या कशावरही चढेल, तिला मात्र मापाचंच लागणार आहे.

साखरीचं ठिकाण तिने स्वतःच सांगितलंय. ती रोज त्या खिडकीखाली येऊन उभी राहते. कॅट ट्री कोपऱ्यात जागा आहे म्हणून कोपऱ्यात ठेवला की तो कपडे वाळत घालायच्या कामी येतो, म्हणून पायऱ्या त्या खिडकीशीच न्या. कट्टा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर आहे असं धरू. १८ सेंटिमीटरचा टप्पा घेतला तर पाच टप्पे होतात, म्हणजे चार पायऱ्या आणि पाचवा खुद्द कट्टा. प्रत्येक पायरी ३५ सेंटिमीटर खोल आणि ४५ सेंटिमीटर रुंद ठेवा, म्हणजे मधल्या कुठल्याही पायरीवर तिला चारही पाय टेकून दम खाता येईल. चार पायऱ्यांना १४० सेंटिमीटर जागा लागेल. खिडकीचा कट्टा बहुधा अरुंद असतो, त्यावर साडेपाच किलोच्या मांजराला वळता येत नाही, म्हणून कट्ट्याच्या पातळीला ४५ बाय ५० सेंटिमीटरचा एक चौथरा जोडून घ्या. त्याला तीन बाजूंनी तीन-चार सेंटिमीटरचा काठ हवा. पायऱ्यांकडची बाजू मोकळी सोडा.

एवढी जागा नसेल आणि सोफा खिडकीजवळ सरकवता येत असेल, तर त्याहूनही बरं. सोफ्याची बैठक साधारण ४५ सेंटिमीटरवर असते. जमिनीपासून १५ आणि ३० सेंटिमीटरच्या दोन पायऱ्या केल्या की ती सोफ्यावर, आणि सोफ्याच्या पुढे जमिनीपासून ६० आणि ७५ सेंटिमीटरच्या दोन केल्या की कट्ट्यावर. सगळे टप्पे १५ चे होतात.

उतरंड म्हणजे रॅम्प का नको, असं सुतार नक्की विचारेल, कारण त्याला ती करायला सोपी. पाय न घसरता चालायचं तर उतार तीनास एक तरी हवा. ९० सेंटिमीटर चढायला त्या हिशोबाने फळी २८५ सेंटिमीटर लांब होते, म्हणजे नऊ फुटांहून जास्त. हॉलमध्ये ती मावायची नाही. आखूड केली तर घसरगुंडी होईल आणि घसरताना मागचे पाय फाकतात. खुब्यांना ते उडीइतकंच वाईट.

प्लाय १८ मिलिमीटरचा घ्या. घरात ठेवायच्या वस्तूला आयएस ३०३ या भारतीय मानकातला बीडब्ल्यूआर प्रतीचा, म्हणजे पाण्याला बऱ्यापैकी टिकणारा, पुरतो, मरीन प्लायवर पैसे घालवू नका. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा तुमच्या भागातल्या प्लायच्या दुकानात उरलेले तुकडे विचारा. पायरीला अख्खी शीट लागत नाही. जोड खिळ्यांऐवजी स्क्रू आणि फेविकॉलने करायला सांगा. खिळा कालांतराने वर येतो आणि मांजराच्या पंजाला लागतो. सगळ्या कडा पॉलिश पेपरने गोल करून घ्या. कच्च्या प्लायचा आणि पॉलिशचा वास जाईपर्यंत पायऱ्या आठवडाभर गच्चीवर किंवा बाल्कनीत उघड्या ठेवा. मांजराचं नाक आपल्यापेक्षा फार तिखट असतं, वास आला तर ती पहिल्या पायरीवरही पाय ठेवणार नाही.

पायऱ्यांवर काय घालायचं, हेही लाकडाइतकंच महत्त्वाचं. नुसता प्लाय किंवा सनमायका घसरतो. पायपुसण्यासारखं सुटे फासे असलेलं कापड चालणार नाही, त्यात नख्या अडकतात. सांधे दुखणारं मांजर खरवडणं कमी करतं, त्यामुळे तिच्या नख्या आधीच वाढलेल्या असतील. आज हातात घेऊन बघाच. आखूड, घट्ट विणीचा गालिचा चांगला. तो मापात कापून मागे वेल्क्रो लावा, म्हणजे धुवायला निघेल. पायऱ्यांच्या खाली जमिनीवरही दोन-तीन फूट रबरी पाठ असलेली सतरंजी टाका. आपल्या फ्लॅटमधल्या व्हिट्रिफाइड टाइल्स मांजराच्या दृष्टीने बर्फासारख्या असतात आणि साखरी शेवटच्या पायरीवरून उतरणार ती त्यांच्यावरच. चौथऱ्यावर फार मऊ गादी नको. घरातली जुनी गोधडी दोन-तीन पदरी घडी करून घाला. तिच्या सवयीची, तिचाच वास असलेली असेल तर उत्तम. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा दुखरे सांधे आखडतात, तेव्हा आणखी एक पदर वाढवा. खिडकी पूर्वेची असेल तर सकाळचं ऊन तिला आयतं मिळेल. खिडकीला जाळी पक्की आहे ना, हे मात्र पाहून घ्या.

सुताराला आणखी एक गोष्ट सांगा. उंच पायऱ्यांच्या खालची जागा बंद करू नये. तिथे साखरीला लपायला छान गुहा होते. पण तिला दोन तोंडं ठेवा. एकच तोंड असलेल्या खोपट्यात मांजर शिरलं आणि दारात गोट्या येऊन बसला, की आतलं मांजर कोंडलं गेलं. कर्वेनगरला नदीकाठच्या ढोल पथकांचा सराव पावसाळ्यात सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत काही ना काही दणदणाट चालू राहतो. अशा वेळी तिला वर चढायचं नसतं, खाली, अंधारात, पाठ भिंतीला लावून बसायचं असतं.

हेच कोंडलं जाणं पायऱ्यांवरही होऊ शकतं. दोन मांजरांच्या घरात लोक फळ्या मोजतात, वाटा मोजत नाहीत. साखरी चौथऱ्यावर आहे आणि गोट्या तिसऱ्या पायरीवर आडवा पडलाय, तर ती उतरणार कुठून? भांडण दिसणारही नाही, तो नुसता बघत राहील आणि ती उडी मारेल. ९० सेंटिमीटरवरून, टाइल्सवर. म्हणून चौथऱ्याला दुसरी वाट हवीच. सोफ्याची पाठ, एखादं भक्कम मोढं, जुना टीपॉय, काहीही चालेल, पण टप्पा तोच.

गोट्याला तिकडे फिरकायचं कारण कमी व्हावं म्हणून त्याला त्याचं राज्य वेगळ्या भिंतीवर द्या. तो कपाटावर चढतोच आहे, तेव्हा कपाट हेच त्याचं झाड समजा. कपाटाच्या माथ्यावर न घसरणारी मॅट टाका आणि वर जायला पडद्याऐवजी दोन-तीन फळ्या द्या. जमिनीपासून ७०, ११० आणि १५० सेंटिमीटरवर, एकीच्या खाली एक न येता तिरक्या सरकत जाणाऱ्या, प्रत्येक फळी २५-३० सेंटिमीटर रुंद, लोखंडी एल ब्रॅकेटवर. इमारत विटांची असेल तर साधे प्लग चालतात. नवीन इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतींना त्यांच्यासाठीचेच प्लग लागतात. ड्रिल मारताना लाल भुकटी निघते की राखाडी-पांढरी, ते सुताराला बघायला सांगा. गोट्याचं वजन चार किलो असलं तरी तो उडी मारून येतो तेव्हा ब्रॅकेटवर त्याच्या कितीतरी पट झटका बसतो.

त्याचा खरवडायचा खांब ९० सेंटिमीटर तरी उंच हवा. मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताण देता आला तरच तो सोफा सोडेल. १० सेंटिमीटर जाडीचा खांब आणि ८ मिलिमीटरची सायझल, म्हणजे घायपाताची दोरी, घेतलीत तर ९० सेंटिमीटरला साधारण एकशे बारा वेढे बसतात आणि जवळपास ३८ मीटर दोरी लागते. ४० मीटर आणा, मध्ये जोड आला की तिथूनच ती उसवायला लागते. रविवार पेठेत बोहरी आळीत दोऱ्या बघायला मिळतील. काथ्याची घेऊ नका, तिचे तुसे निघतात आणि पंजात रुततात. खालून सुरुवात करा, पहिले चार वेढे फेविकॉलवर, मग दर दहा वेढ्यांनी हातोडीने खाली ठोकून घट्ट करत जा. खांब ६० बाय ६० च्या दुहेरी प्लायवर उभा करा. साखरीला मात्र उभा खांब नको, मागच्या पायांवर उभं राहणं तिला जड जातं. तीच दोरी किंवा जाड पुठ्ठा लावलेली एक आडवी फळी तिच्या पायऱ्यांजवळ जमिनीवर ठेवा.

भिंतीवरच्या फळ्यांचा एक मोठा फायदा तुम्हाला लगेच मिळेल. गोट्याचं जेवण वर ठेवा, साखरीचं खाली. साखरीचं वजन उतरत नसेल तर ती गोट्याच्या ताटलीत तोंड घालते, हेच कारण बहुतेक वेळा निघतं. मात्र वजन सावकाश उतरवा, आठवड्याला शेकडा एक टक्का, म्हणजे साडेपाच किलोला पन्नासेक ग्रॅम. उपाशी ठेवून मांजराला बारीक करता येत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की जाड मांजराच्या यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडतं.

तुम्ही ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून दिलेल्या दोन गोष्टींकडे परत वळते. कमरेपाशी केसांच्या गाठी का होतात? कारण तिथे चाटायला मान आणि पाठ वळवावी लागते आणि तिला ते जमत नाही. ट्रेच्या बाहेर शू का होते? ट्रेचा काठ उंच असेल तर आत पाय टाकायला खुबा वाकवावा लागतो. दोन्ही गोष्टी त्याच दुखण्याच्या असू शकतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा ९० मांजरांत सांध्यांची झीज दिसली. इतकी सर्रास गोष्ट असूनही घरच्यांच्या लक्षात येत नाही, कारण दोन्ही बाजूंचं सारखंच दुखत असलं की मांजर लंगडत नाही. ते फक्त एकेक काम सोडून देतं. केसांच्या गाठी ओढू नका आणि कात्रीने कापू नका, कातडी सोबत येते. डॉक्टरांकडून मशीनने काढून घ्या. ट्रेची एक बाजू आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत कापा आणि दोन मांजरांना तीन ट्रे ठेवा. पण त्याआधी लघवीची तपासणी करा. बाहेर शू होण्यामागे मूत्रमार्गाचा त्रासही असू शकतो आणि ते नुसतं ट्रे बदलून बरं होणार नाही.

पायऱ्या घरी आल्या की साखरीला उचलून वर ठेवण्याचा मोह होईल, तो आवरा. धाकाने वर गेलेलं मांजर उडी मारून खाली येतं. पहिले काही दिवस फक्त पहिल्या पायरीवर गोधडीचा तुकडा आणि उकडलेल्या चिकनचा एवढासा तुकडा ठेवा. बिनमिठाचा आणि कांदा-लसूण न लागलेला, कारण कांदा आणि लसूण दोन्ही मांजराला बाधतात. ती स्वतःहून दुसरी पायरी हुंगायला लागली की तिथे ठेवा. गोट्याला त्या वेळी दुसऱ्या खोलीत बंद करा, नाहीतर सगळं चिकन त्याचंच. पावसाळ्यात पायऱ्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा, ओल येणाऱ्या भिंतीला टेकलेल्या प्लायला बुरशी धरते. स्क्रू महिन्यातून एकदा आवळा.

सुताराला बोलावण्याआधी एक काम आजच करा. साखरी खिडकीखाली उभी राहून वर बघते आणि परत फिरते, त्याचा मोबाइलवर छोटासा व्हिडिओ काढा. तसाच एक ती ट्रेमध्ये शिरतानाचा, आणि एक सोफ्यावरून उतरतानाचा. दवाखान्यातल्या टेबलावर मांजर घाबरून आखडून बसतं, तिथे डॉक्टरांना यातलं काहीच दिसत नाही. पुढच्या भेटीत हे तिन्ही दाखवा आणि वेदनेवरच्या औषधाचं स्पष्ट विचारा. पायऱ्या बसवून तीन-चार आठवडे झाले आणि तरीही ती पहिल्या दोन पायऱ्यांपुढे जात नसेल, तर सुताराला नावं ठेवू नका. पुन्हा व्हिडिओ काढा आणि तिला परत डॉक्टरांकडे न्या.